फिलिप स्ट्रीटवरच्या जुळारणी

ही गोष्ट लुईसा लॉसन नावाच्या मुद्रक बाईची, पण आधी पाहिला तो तिच्या लेकाचा पुतळा. सिडनीत डोमेन नावाची मोठी मोकळी हिरवळ आहे. तिथून आर्ट गॅलरीकडे जाताना हेन्री लॉसन उभा आहे, सोबत एक फिरस्ता, एक कुत्रं आणि कुंपणाचा खांब. पुतळा 1931 चा. जावई म्हणाला, "आई, हा इथला मोठा लेखक. पूर्वी दहा डॉलरच्या नोटेवर याचं चित्र असायचं." मी चपला काढून गवतावर बसले होते. गुडघे कुरकुरत होते, त्यामुळे "बरं" एवढंच म्हणाले. मग जाता जाता तो म्हणाला, "याच्या आईचा छापखाना होता म्हणे."

मी परत चपला घातल्या.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. सांगलीत गावभागात आमचा प्रेस होता. सासऱ्यांनी, म्हणजे तात्यांनी काढलेला. दोन ट्रेडल, म्हणजे पायानं चालवायची छपाईयंत्रं, एक कटिंग मशीन आणि भिंतीला लागून खिळ्यांच्या, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांच्या, खणाखणांच्या केसेस. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, सोसायट्यांचे अहवाल आणि निवडणूक आली की हँडबिलं. माझं लग्न 1979 चं. नवरा बँकेत, छापखान्यात त्याचा जीव कधीच रमला नाही. तात्यांना अर्धांगाचा झटका आल्यावर "विकूनच टाकू" असं घरात जवळजवळ ठरलं होतं. मी म्हटलं, मी बसते गल्ल्यावर. बसले, आणि वर्षाच्या आत केससमोर उभी राहिले, कारण आमचे जुळारी, म्हणजे खिळे जुळवणारे, काका दर अमावस्येला गायब व्हायचे आणि लग्नाचे मुहूर्त काही अमावस्या संपायची वाट बघत नाहीत. निदान पत्रिका तरी बघत नाहीत.

खिळे जुळवायचं काम आता सांगूनही कळणार नाही. डाव्या हातात स्टिक, म्हणजे ओळ रचायची पट्टी. उजव्या हातानं खणातून एकेक खिळा उचलायचा, न बघता, कारण डोळे हस्तलिखितावर. खिळ्यावरचं अक्षर उलटं, ओळ वाचायची तीही उलटी. इंग्रजीवाल्यांचं बरं असतं. आपल्याकडे काना, मात्रा, वेलांट्या, रफार आणि जोडाक्षरांची पलटण, म्हणजे केसमध्ये खणच खण. छापून झालं की रॉकेलनं फर्मा, म्हणजे जुळवलेलं पान, धुवायचा आणि तेच खिळे परत ज्याच्या त्याच्या घरात टाकायचे. शाई नखात अशी बसायची की संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी उजवा हात पदराखाली ठेवायची. वाण घेताना मात्र काढावाच लागायचा.

आणि दारात येणारं प्रत्येक गिऱ्हाईक विचारायचं, "मालक आहेत का?"

म्हणून त्या रात्री लेकीच्या वेस्टमीडच्या घरात सगळे झोपल्यावर मी लॅपटॉप उघडला. इथल्या राष्ट्रीय ग्रंथालयानं जुनी वर्तमानपत्रं पानन् पान स्कॅन करून ठेवली आहेत, त्या संग्रहाचं नाव ट्रोव्ह. त्यात लुईसा लॉसनच्या मासिकाचे अंक सापडले. मासिकाचं नाव 'डॉन', म्हणजे पहाट. आपल्याकडे डॉन म्हटलं की भलताच माणूस डोळ्यांपुढे येतो, त्याला माझा इलाज नाही. हे अंक 2012 च्या सुमारास इंटरनेटवर आले तेही लोकांनी वर्गणी काढली म्हणून. वर्गणीवर चाललेलं मासिक सव्वाशे वर्षांनी पुन्हा वर्गणीवरच जिवंत झालं, याचं मला फार बरं वाटलं.

माझं इंग्रजी पावतीपुस्तकापुरतं. पण छापील पान मला कुठल्याही भाषेत वाचता येतं. ओळ कुठे ताणली आहे, कुठे जागा भरायला एक नक्षी टाकली आहे, कुठला खिळा झिजलेला आहे, हे दिसतंच. रात्री दोनपर्यंत मी मजकूर कमी आणि जुळणीच जास्त बघत होते.

लुईसाचा जन्म 1848 चा, न्यू साउथ वेल्समध्ये मजी गावाजवळचा. त्या वेळी ती इंग्रजांची वसाहत होती. वडील दुसऱ्याच्या कुरणावर राबणारे. बारा भावंडांत ही दुसरी. शाळेत हुशार. तिला शिक्षिका करून घ्यावं असं घाटत होतं, पण धाकट्यांना सांभाळायला घरी कोण? ही गोष्ट सांगायला ऑस्ट्रेलियाला जायची गरज नाही. अठराव्या वर्षी लग्न झालं ते जवळजवळ दुप्पट वयाच्या एका नॉर्वेजियन खलाशाशी. जहाज सोडून तो सोन्याच्या खाणीमागे लागला होता. लार्सनचं लॉसन झालं. 1867 मध्ये खाणीवरच्या वस्तीत हेन्री जन्मला. पुढे आणखी चार मुलं, त्यातली एक लहानपणीच गेली.

सोन्यानं काही हात दिला नाही. नवरा कामाच्या मागे लांब लांब, आणि ही मागे रानातल्या तुकड्यावर. शिवणकाम करायची, दूधदुभतं विकायची. वस्तीचं पोस्ट ऑफिसही तिच्याच घरात. कागदावर पोस्टमास्तर नवरा, काम करणारी ही. हे वाचून मी थांबले. आमच्या प्रेसचं लायसन तात्यांच्या नावावर होतं, नंतर नवऱ्याच्या. माझ्या नावावर व्हायला बारा वर्षं गेली, आणि तीही एका साहेबांना "पण तुम्ही कशाला त्रास घेता" हे तीनदा विचारून झाल्यावर.

1883 मध्ये ती मुलांना घेऊन सिडनीला आली. घरात पैसे देऊन राहणारी माणसं ठेवली, कपडे धुतले, शिवले. 1887 मध्ये 'रिपब्लिकन' नावाचं एक छोटं पत्र विकत घेतलं आणि लेकाबरोबर चालवलं. फिलिप स्ट्रीटवरचं घर म्हणजेच कचेरी. हात तिथे बसला. मग 15 मे 1888 ला 'डॉन'चा पहिला अंक निघाला. किंमत 3 पेन्स. संपादकीयाखाली नाव डोरा फाल्कनर. ती हीच.

पहिल्याच अंकात ती म्हणते त्याचा मतलब असा, की जगातल्या प्रत्येक खुळाला, प्रत्येक पंथाला आपलं छापण्याचं यंत्र आहे. मग अर्ध्या मनुष्यजातीसाठी शाई झिजवणारा कुणीच कसा नाही? संपादकीय बऱ्याच जणांना लिहिता येतं. हिनं मागितली ती मशीन, आणि म्हणून ती मला आवडली. भाषण करणाऱ्या बाया तेव्हाही होत्या. पण भाषण दुसऱ्याच्या छापखान्यात जातं तेव्हा काय होतं ते मला ठाऊक आहे. "ताई, ही ओळ बसत नाही, काढू का?" आणि काढली जाते ती नेमकी हवी असलेली ओळ.

टोपणनावाबद्दल मात्र मला जरा वेगळं वाटतं. आपल्याकडे 1867 च्या कायद्यानं छापील कागदावर मुद्रकाचं नाव आणि ठिकाण असणं बंधनकारक होतं. निवडणुकीच्या पत्रकावर तर मुद्रक आणि प्रकाशक दोघांचीही नावं आजही लागतात. त्यामुळे माझं नाव पहिल्यांदा छापून आलं ते कविता किंवा लेखाखाली नव्हे, नगरपालिकेच्या एका उमेदवाराच्या हँडबिलाच्या तळाशी, आठ पॉइंटात, म्हणजे अगदी बारीक अक्षरांत. उमेदवार पडला. हँडबिल मी अजून ठेवलं आहे.

1888 च्या शेवटच्या दिवशी लुईसाचा नवरा वारला. तो तिच्यासाठी 1103 पौंड ठेवून गेला, आणि त्या पैशांतून तिनं छापखाना वाढवला. आयुष्यभर जो माणूस बाहेर भटकत राहिला त्याचे पैसे शेवटी खिळ्यांत आणि यंत्रात गेले. 1889 च्या ऑक्टोबरपर्यंत तिच्याकडे दहा बायका कामाला होत्या, त्यांत जुळारणीही.

'जुळारण' हा शब्द मी आत्ता केला. आमच्या प्रेसमध्ये जुळारी या शब्दाला स्त्रीलिंग नव्हतं. मला 'वहिनी' म्हणायचे.

इथे छपाई कामगारांची संघटना उठली. न्यू साउथ वेल्स टायपोग्राफिकल असोसिएशन. ती बायकांना सभासद करून घेत नव्हती. मग म्हणणं काय, तर सभासद नसलेल्या बायका कामाला ठेवता कशाला, काढा त्यांना. यातला फेरा बघा. आत येऊ द्यायचं नाही, आणि बाहेर आहे म्हणून काम करू द्यायचं नाही. लुईसानं ऐकलं नाही तेव्हा त्यांनी जाहिरातदारांना सांगितलं, 'डॉन'ला जाहिराती देऊ नका. कामावरच्या बायकांनाही येऊन त्रास दिला.

जाहिरात तोडणं म्हणजे काय हे छापखानेवाल्याला विचारा. वर्गणीदार वर्षाला एकदा देतो, तोही आठवण केल्यावर. कागदवाला आणि शाईवाला महिन्याला येतो. मधली खिंड जाहिरातीच लढवतात. त्या बंद झाल्या की संपादक कितीही बाणेदार असो, शनिवारी पगाराच्या पाकिटात काय घालणार?

संघटनेच्या माणसांना मी नुसतं दुष्ट ठरवणार नाही. बाई कमी पैशांत राबते, मालक तिला ठेवतो, पुरुषाचा दर पडतो, ही भीती खोटी नव्हती. कितीतरी धंद्यांत तसं घडलं आहे. पण त्याला उपाय होता तिला संघटनेत घ्यायचा आणि सारखा दर मागायचा. ते सुचलं नाही. माझ्याकडे 1988 च्या आसपास दोन मुली कामाला आल्या, दहावी झालेल्या, एक कुपवाडची, एक इथलीच. तीन महिन्यांत त्या तयार झाल्या. तेव्हा धंद्यातलीच चार मंडळी घरी आली, चहा प्यायली आणि म्हणाली, "वहिनी, मुली ठेवल्यात ते ठीक, पण बाजार बिघडतो." मी त्यांना हजेरीपुस्तक दाखवलं. मुलींना काकांइतकाच रोज होता. त्यांनी ते बंद करून परत दिलं आणि म्हणाले, "ते असू द्या, पण." त्या "पण"च्या पुढे काय होतं ते मला अजून कळलेलं नाही.

लुईसानं बायकांना काढलं नाही. 'डॉन' निघत राहिला, सतरा वर्षं. त्यात कपड्यांचे नमुने, घरगुती उपाय, कविता आणि त्यांच्याच शेजारी घटस्फोटाचा कायदा, मारझोड करणारे नवरे, मुलींचं शिक्षण आणि मत. कायदे दोघांनी पाळायचे तर करायचे एकट्या पुरुषांनी का, हा तिचा मुद्दा फिरून फिरून येतो. रेसिपी वाचायला आलेली बाई पान उलटते आणि समोर मताचा हक्क. मांडणी म्हणून मला हे भारी हुशारीचं वाटतं. पुड्यातलं पीठ वापरून व्हायचं आणि पुड्याचा कागद वाचून.

1889 मध्ये तिनं डॉन क्लब काढला, बायकांनी जमून बोलायला. 1891 मध्ये सिडनीत वुमनहूड सफ्रेज लीग, म्हणजे बायकांना मत मिळावं म्हणून झटणारी संघटना, स्थापन झाली. रोझ स्कॉट ही तिची चिटणीस, सुस्थितीतली, मोठ्या लोकांत ऊठबस असलेली. लुईसा कार्यकारिणीवर गेली आणि लीगची पत्रकं 'डॉन'च्या छापखान्यात फुकट छापून दिली.

फुकट. इथे पुन्हा थांबले. "ताई, समाजकार्य आहे, बिल जरा सांभाळून" हे वाक्य मी तीस वर्षांत इतक्यांदा ऐकलं आहे की त्याचा छापायचा ब्लॉकच करून ठेवायला हवा होता. मंडळाच्या कार्यक्रमात मांडववाला पैसे घेतो, लाउडस्पीकरवाला घेतो, छापखान्यानं मात्र देणगी द्यायची. एक हजार पत्रकं म्हणजे दोन रिम कागदाचा हिशोब, शाई, एका माणसाचा दिवस, मशीनची झीज. चळवळीच्या इतिहासात सभा येतात, ठराव येतात, अध्यक्षीण येते. रिम कुणी भरली हे येत नाही. लुईसा 1893 च्या अखेरीस लीगमधून बाहेर पडली. तिचं मासिक मात्र मत मागतच राहिलं.

1894 मध्ये तिनं लेकाचं पहिलं पुस्तक छापलं. छपाई काही धड झाली नव्हती. आईनं लेकाचं पुस्तक छापावं आणि त्यात चुका राहाव्यात, यातलं दुःख दोघांचंही मला कळतं. आमच्या घरच्या लग्नाच्या पत्रिकेत, माझ्या हातून, वधूच्या आजोबांचं नाव चुकलं होतं. लोकांच्या पत्रिकांचं प्रूफ तीनदा वाचायची, घरच्या पत्रिकेचं कोण वाचतो.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. टपालाच्या पिशव्यांचं तोंड तेव्हा दोरीनं बांधून लाखेनं सील करत. रानातल्या त्या पोस्टात तिनं अशा पिशव्या हाताळल्या असणारच. 1890 च्या दशकात तिनं पिशवी बंद करायचं एक बकल शोधून काढलं, पेटंट घेतलं, पोस्टखात्यानं ते घेतलंही. दोरी वाचली, लाख वाचली. आणि मग ठरल्याप्रमाणे तिच्या वस्तूची नक्कल झाली, आणि हिच्या वाट्याला कोर्टकज्जे आले. 1900 मध्ये ती ट्राममधून फेकली गेली. गुडघ्याला आणि पाठीला मार. कितीतरी महिने अंथरुणात. लेकीनं विचारलं, "आई, एवढं काय वाचत बसलीस?" मी म्हटलं, एका बाईचा गुडघा.

1902 मध्ये बायकांना मत मिळालं. जूनमध्ये देशाच्या संसदेसाठी, ऑगस्टमध्ये न्यू साउथ वेल्ससाठी. शेजारच्या न्यूझीलंडच्या बायकांना ते 1893 मध्येच, साउथ ऑस्ट्रेलियाच्या बायकांना 1894 च्या कायद्यानं मिळालं होतं. आमदारांशी लुईसाची ओळख करून दिली ती या राज्यातल्या स्त्री-मताधिकाराची आई म्हणून. आई हे बिरुद फार लवकर चिकटतं. हेन्रीची आई, मताधिकाराची आई. मुद्रक म्हणून कुणी ओळख करून दिली असती तर तिला कसं वाटलं असतं?

पण त्या जूनच्या कायद्यात एक कलम होतं. ऑस्ट्रेलियाचे मूळ रहिवासी, तसेच आशिया, आफ्रिका आणि न्यूझीलंड सोडून पॅसिफिकच्या बेटांवरचे मूळ लोक यांची नावं, काही थोडे अपवाद सोडता, मतदार यादीत घालायची नाहीत. आशिया म्हणजे त्यात आपणही आलो, पुरुष काय नि बाई काय. हे मला रात्री एक वाजता कळलं आणि मी उठून पाणी प्यायले. ज्या विजयासाठी मी मनातल्या मनात पेढे वाटत होते त्या यादीत माझी लेक बसत नव्हती. 1922 मध्ये आपले पुढारी श्रीनिवास शास्त्री इथे येऊन हिंदी लोकांच्या हक्कांसाठी बोलून गेले, आणि 1925 मध्ये कायदा बदलून ब्रिटिश हिंदुस्थानातून आलेल्यांना मत मिळालं. इथल्या मूळ रहिवाशांना देशाच्या निवडणुकीत सरसकट मत मिळायला 1962 उजाडलं. आणि गंमत म्हणजे तिकडे आपल्या मुंबई इलाख्यात कौन्सिलसाठी बायकांना मत 1921 मध्येच मिळालं होतं. अर्थात ज्यांच्या नावावर काही होतं अशा मोजक्यांना.

लुईसानं या कलमाबद्दल काही लिहिलं का, हे मी अंकांत शोधते आहे. चष्मा लावून, एकेक पान. अजून बरेच अंक राहिले आहेत.

1905 मध्ये 'डॉन' बंद झाला. नंतरची वर्षं हालाखीची. 12 ऑगस्ट 1920 ला ती ग्लेड्सव्हिलच्या वेड्यांच्या इस्पितळात वारली. दोन वर्षांनी हेन्री गेला, त्याला सरकारी इतमामात निरोप. त्याचा पुतळा झाला, नोट झाली. हिचं 1975 मध्ये, महिला वर्षात, टपाल तिकीट निघालं. टपालाच्या पिशवीचं बकल करणारीला तिकीट, हे पोस्टखात्यातल्या कुणाला सुचलं की आपोआप झालं, देव जाणे.

आमचे खिळे 2005 च्या पुरात गेले. कृष्णा गावभागात शिरली तेव्हा आम्ही ऑफसेटवर, म्हणजे खिळ्यांशिवायच्या छपाईवर, जाऊन सात वर्षं झाली होती, पण केसेस मी टाकल्या नव्हत्या. लाकूड फुगलं, खण चिखलानं भरले. शेवटी शिसं म्हणून किलोवर दिले. भंगारवाला वजन करताना म्हणाला, "वहिनी, यात माती किती धरायची?" एक स्टिक तेवढी राहिली, तिच्यात अडकलेला एक 'ळ'. तो 'ळ' माझ्या पर्समध्ये असतो. परवा नातीनं तो कणकेत दाबून बघितला, आणि उलटं अक्षर सुलटं उमटल्यावर "आजी!" म्हणून ओरडली. कणीक टाकून दिली, शिसं ते शिसंच. पण तिनं मग आणखी चार गोळे मागितले.

2025 च्या 3 मेला इथे निवडणूक होती. लेकीचं नागरिकत्व झाल्यापासूनचं हे दुसरं मतदान, आणि इथे मत न देता घरी बसलात तर दंड. मी पाहुणी, नुसती सोबत गेले. केंद्र एका शाळेत. फाटकापाशी सॉसेज भाजून विकत होते, पैसे शाळेला. मी फक्त परतलेला कांदा आणि ब्रेड मागितला, तर त्या बाईनं पैसेच घेतले नाहीत. आत जाईपर्यंत चार पक्षांच्या लोकांनी हातात पत्रकं कोंबली. लेक म्हणाली, "आई, फेक ती, तुला काय करायचंय." मी बाकावर बसून एकेक उलटवलं. तळाशी बारीक अक्षरांत कुणी मंजूर केलं त्याचं नाव होतं आणि कुठे छापलं तो पत्ता. एकाचा हिरवा रंग कडेला सरकला होता. रंगावर रंग नेमका बसणं याला आम्ही रजिस्टर म्हणतो.

"चल," लेक बाहेर येऊन म्हणाली. "काय वाचतेस?"

"रजिस्टर बसलं नाही यांचं," मी म्हटलं.